दुभाषी पाहिजे

नोव्हेंबर लागला की गोंदियाच्या हवेत दोन वास उतरतात. एक नव्या धानाचा, दुसरा उसना, म्हणजे उकडून केलेल्या, तांदळाच्या हौदांचा. पहिल्यानं भूक लागते, दुसऱ्यानं लागलेली भूक मरते. हौदात भिजत पडलेल्या धानाचा तो आंबूस दर्प कपड्यांत बसतो, केसांत बसतो, आणि मिलमधला माणूस सासुरवाडीला गेला तर दारात पाऊल टाकायच्या आधीच जावईबापू आल्याचं घरात कळतं.

केवळराम रहांगडाले याला त्या वासामागचं शास्त्र माहीत होतं. दवनीवाड्याच्या पोवार घरातला हा मुलगा नागपूरहून बी.एस्सी. होऊन आला आणि नंदलाल शेठच्या राईस मिलमध्ये यंत्रं आणि इंग्रजी पत्रव्यवहार अशी दोन्ही कामं बघू लागला. डोक्यानं थंड, बोलायला मोजका. अमक्या बाभळीवर काहीतरी आहे असं कोणी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच बाभळीखाली बसून डबा खाऊन येणारा.

त्या मिलमध्ये बेल्लोनी नावाचा एक इटालियन इंजिनियर होता. लढाईत कैदी म्हणून हिंदुस्थानात आला आणि सुटल्यावर परत गेलाच नाही. त्याच्या मुलखातही भात पिकतो म्हणे. त्यानं चार-पाच वर्षं खपून एक बंद भांडं तयार केलं. त्यात दाबाखाली वाफ सोडली की धान झटपट उकडायचं आणि वास म्हणून यायचा नाही. मिलानला त्याचं पेटंट नोंदवलं, सगळे हक्क शेठच्या नावे करून दिले, आणि सत्तावन्नच्या भाद्रपदात काविळीनं तो गेला. केवळरामनंच त्याला मूठमाती दिली.

प्रागच्या एका कारखान्याला ते यंत्र बनवायचं होतं. पण त्याआधी पेटंट तिथं नोंदवायला हवं, आणि कागद झेक भाषेत हवेत. मिलानच्या नोंदणीला वर्ष पुरं व्हायच्या आत हे झालं नाही, तर हक्क गेला. मूळ इटालियन कागद प्रागला पाठवून तिथंच भाषांतर करून घ्यावं, असं केवळरामनं सुचवलं, तर शेठ भडकला.

"वाह रे टेकनिकल बाबू! कागद एक बार उनके हाथ गये, तो खोज उनकी हो जायेगी. भाषांतर इथंच. माझ्या आवारात."

मग शोधाशोध सुरू झाली. केवळरामनं मुंबईला लिहिलं, कलकत्त्याला लिहिलं. हैदराबादकडच्या एका मिशनमध्ये इटालियन फादर मिळाले, त्यांना झेक येईना. कलकत्त्याजवळ बुटांच्या कारखान्यात एक झेक फिटर मिळाला, त्याला इटालियन येईना. मधे इंग्रजीचा पूल घालू, असं केवळराम म्हणाला.

"दो छलनी में छानोगे तो मेरा चावल भूसा हो जायेगा," शेठ म्हणाला. "असा माणूस पाहिजे, ज्याच्या एका कानात इटालियन घातलं की तोंडातून झेक निघालं पाहिजे."

शेवटी दोन इंग्रजी पेपरांत जाहिरात दिली. दुभाषी पाहिजे; इटालियनमधून झेकमध्ये; पेटंटचे कागद; गोंदियात राहून काम करावं लागेल. अर्ज एकही आला नाही.

माणूस आला.

दुपारची वेळ होती. मिलचा चौकीदार बिसराम त्याला घेऊन केवळरामच्या टेबलापाशी आला. बिसराम नवेगाव बांधच्या पलीकडच्या जंगलपट्टीतला गोंड, फार न बोलणारा. आज त्याचा चेहरा फुलला होता.

"बाबूजी, आमच्याकडला पाहुणा आला."

"तुमच्याकडचा?"

"नवेगावकडला. गोंडी बोलून राहिला ना."

केवळरामनं पाहिलं. पंचेचाळीशीचा माणूस, मातकट रंगाचा कोट, खांद्याला कापडी पिशवी. चेहरा असा, की गोव्यात दिसला असता तर गोवेकर वाटला असता आणि पेशावरात दिसला असता तर तिथला. त्यानं आपलं नाव सांगितलं. ते केवळरामला नीट कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटला.

"तुमची जाहिरात वाचली," तो माणूस स्वच्छ मराठीत म्हणाला. "काम दाखवा."

एवढ्या अंगापिंडाच्या माणसाचा आवाज इतका बारीक कसा, एवढंच केवळरामला त्या वेळी वाटलं.

परीक्षा म्हणून एक पान त्याच्याकडून लिहून घेतलं आणि कलकत्त्याच्या झेक फिटरला पाठवलं. उत्तर लवकर आलं. भाषांतर निर्दोष आहे, यंत्राचे शब्दही बरोबर आहेत. फक्त एक विचारतो, हा गृहस्थ आमच्या खेड्याकडचा आहे का? झडपेला त्यानं जो शब्द घातलाय तो माझे वडील वापरायचे. ते वारल्यापासून मी तो कुठं ऐकला नव्हता.

लहान देश, मोजकी खेडी. असेल, असं म्हणून केवळरामनं ते पत्र फाइलला लावलं. काम सुरू झालं.

मिलच्या आवारात पाहुण्यांसाठी एक खोली होती. खिडकीखालून बॉयलरची नळी गेलेली, त्यामुळे भिंत कायम कोमट. कागद एकटे ठेवायचे नाहीत असा शेठचा हुकूम असल्यानं केवळराम समोर बसून राही. तो माणूस आधी इटालियन मजकूर हलक्या आवाजात वाचून काढी आणि मग झेकमध्ये लिही. अक्षरांच्या डोक्यावर बारीक बारीक वाकड्या खुणा असलेली ती लिपी, खाडाखोड अजिबात नाही.

वाफेच्या दाबाचा भाग चालू असताना केवळरामच्या मनात आलं, इथं बेल्लोनी साहेबांनी आकडा जरा चढाच धरलाय. आणि मग तो दचकला. वाचन इटालियनमध्ये चाललं होतं. इटालियनचे चार शब्द त्याला येत होते, तेही शिव्या. मग आकडा चढा धरलाय हे आपल्याला कळलं कसं?

साहेबाबरोबर आपण इतकी वर्षं याच यंत्रावर काम केलं, अंदाजानं कळलं असेल, असं त्यानं ठरवलं. तरी दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू झालं की तो मनात पाढे म्हणू लागला.

पाहुण्याचं जेवण शकुंतलाबाईकडे होतं. ही मिलची स्वयंपाकीण, बैहरकडची पोवार, तोंडाची फटकळ. एका सकाळी विहिरीपाशी तिचं आणि बिसरामचं जुंपलेलं केवळरामनं ऐकलं.

"गोंड कायचा? आमच्या जातीचा आहे तो! माझ्याशी पोवारीत बोलते. आमच्या बैहरची पोवारी."

"मी काय बहिरा आहो काय, बाई? गोंडीच बोलून राहिला तो."

"त्याला दहा भाषा येत असतील," केवळराम म्हणाला. "ज्याची जी, ती त्याच्याशी बोलतो. यात भांडायचं काय आहे?"

दुपारी त्यानं दोघांना मुद्दामच खोलीत बोलावलं आणि पाहुण्याला विचारलं, "उद्या जेवायला काय करायचं ते यांना सांगा."

पाहुण्यानं हातातली लेखणी ठेवली. "भात आणि लाखोरीचं वरण. तिखट कमी," तो म्हणाला. वाक्य एकदाच बोलला. मराठीत.

तिघं बाहेर आले.

"ऐकलं ना?" शकुंतलाबाई म्हणाली. "पोवारी होती का नाही?"

बिसराम दोन पावलं मागं झाला. तो खाली बघत उभा होता. शकुंतलाबाई आत गेल्यावर मात्र तो केवळरामजवळ सरकला.

"बाबूजी, मले त्या खोलीकडली ड्यूटी नको."

"काऊन रे?"

"पयल्या दिवशी बोली आपली वाटली मनून बरं वाटलं. आता आवाज ओळखू आला." त्यानं खोलीकडे पाठ केली. "माझ्या बापाचा आवाज आहे तो, बाबूजी. माझा बाप वाघानं नेला. मोहफुलं वेचाले गेला तं धोतराचा सोगा तेवढा भेटला. त्याचा आवाज त्या माणसाच्या तोंडात काऊन आहे?"

"आवाजासारखे आवाज असतात, बिसराम. तुझ्या बापाचा आवाज कसा होता?"

"घोगरा. तंबाखूनं खरखरलेला. तुम्ही तं रोजच ऐकता."

केवळरामनं वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं. त्याला रोज ऐकू येत होता तो आवाज बारीक होता, मऊ होता. नीट विचार केला तर पुरुषाचा वाटतच नव्हता.

शकुंतलाबाईला त्यानं सहज म्हणून विचारलं, आवाज कोणासारखा वाटतो. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. "माझ्या मोठ्या बहिणीवानी," ती हळूच म्हणाली. "बाळंतपणात गेली ती. म्हणून तं मी त्याले दोनदा वाढते, भाऊ."

हळूहळू मिलमध्ये ही गोष्ट पसरली. पोती उचलणारे छत्तीसगढी हमाल, पाखडणाऱ्या बाया, बॉयलरवरचा फायरमन, जो तो कामातून उठून खिडकीखाली जाऊन बसू लागला. कोणी गोंगाट करत नसे, आत डोकावत नसे. कोमट भिंतीला टेकून डोळे मिटून नुसते बसत. एकदा नंदलाल शेठ स्वतः तावातावानं त्यांना हाकलायला गेला. हाकलून खोलीत शिरला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. शेठच्या थोरल्या भावानं ही मिल उभी केली होती. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"केवळराम," शेठ भिंतीकडे बघत म्हणाला, "इसको यहाँ से ले जाओ. कागदांसकट तुझ्या घरी ठेव, पहाऱ्याचं राहू दे. काम पुरं करून घे आणि गाडीत बसव."

केवळराम फुलचूर नाक्याजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. पुढं अंगण, मागं चूल. घरात तो आणि बायको शामकला, दोघंच. तीन वर्षांपूर्वी शामकलेला मुदतीचा ताप आला होता. ती वाचली, पण कान गेले. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं कानाच्या नसा मेल्याचं सांगितलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे तेव्हापासून नवराबायकोचं बोलणं हातवाऱ्यांवर आलं. जेवण, पाणी, बाजार, पाहुणा, एवढं हातांनी सांगता येतं. त्यापलीकडचं काही सांगता येत नाही. आधी दोघं प्रयत्न करायची, नंतर तेही सुटलं. शामकला बोलायची, पण स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसल्यानं तिचा स्वर सपाट होत चालला होता, एखाद्यानं परक्या गावचं पत्र वाचून दाखवावं तसा.

संध्याकाळी तो पाहुण्याला घेऊन घरी आला. शामकला मागं चुलीपाशी बसली होती, दाराकडे पाठ करून. पाहुण्यानं उंबऱ्यात बूट काढले आणि सहज म्हणाला, "थोडं पाणी मिळेल का?"

"आणते जी," शामकला आतून म्हणाली.

केवळरामचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

ती तांब्या घेऊन आली. पाहुण्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"तुम्ही बोलले ना आत्ता? मले ऐकू आलं. तुम्ही पाणी मांगतलं."

त्यानं मान हलवली आणि पाहुण्याकडे बोट दाखवलं.

"नाही जी. तुमचाच आवाज होता. मी का तुमचा आवाज ओळखत नाही?"

त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. पाहुण्याचं मात्र जेवण व्यवस्थित झालं.

केवळराम शास्त्र शिकलेला होता, पण नवराही होता. डॉक्टर चुकला असेल, काही विशिष्ट कंपनं त्या कानात शिरत असतील, असं त्यानं मनाशी मांडलं. आणि सकाळी पाहुण्यापुढे जाऊन उभा राहिला.

"माझं एक काम कराल? मी बोलेन ते तिला सांगाल?"

"कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत?" पाहुण्यानं विचारलं.

केवळरामला वाटलं, हा थट्टा करतोय. पण तो हसत नव्हता.

पहिलं वाक्य काय सांगावं हेच केवळरामला सुचेना. तीन वर्षांचं साचलं होतं. शेवटी तो म्हणाला, "तिला म्हणावं, तुझी भाजी छान होते. मी कधी सांगितलं नाही."

पाहुणा बोलला. शामकला ओट्यावर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि हसता हसता रडू लागली.

पुढचे काही दिवस त्या घरात सण असल्यासारखे गेले. दिवसा कागदांचं काम, आणि त्यातून उठलं की हे दुसरं काम. दवनीवाड्याच्या वाटणीचं काय झालं, आत्या गेली तेव्हा शेवटी काय बोलली, बेल्लोनी साहेबाला भजी किती आवडायची, सगळं केवळराम सांगायचा, पाहुणा पोचवायचा, आणि शामकला प्रश्नांवर प्रश्न विचारायची. तिचा सपाट झालेला स्वर पुन्हा वर-खाली होऊ लागला. एकदा तर कांडताना ती गाणं गुणगुणली. दारावरून जाणारा शेजारी श्यामलाल थबकून म्हणाला, "वहिनीचे कान बरे झाले वाटते!"

केवळराम हसला. पण त्याच दुपारी त्याच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

तो पाहुण्याला म्हणाला होता, "सांगा तिला, रविवारी बाजारातून काय आणायचं?" एवढंच. पाहुण्याचे ओठ थोडेसेच हलले. आणि शामकला ऐकतच राहिली. ऐकता ऐकता लाजली, मधेच "खरं?" म्हणाली, नंतर कितीतरी वेळ खाली मान घालून बसली.

"काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी एक वाक्य बोललो."

"शब्द तेवढेच होते," पाहुणा म्हणाला. "मी भर घालत नाही. कागद तपासून पाहा. मी कुठंच भर घालत नाही."

केवळरामनं शामकलेला खुणेनं विचारलं, मी काय म्हणालो?

"आता मलेच विचारता?" ती म्हणाली. "आपण नवेगावच्या बांधावर जाऊ मनले ना तुम्ही. पाण्यावर पाखरं उतरते ते पाहू. मंग मनले का मी तापात होती तेव्हा तुम्ही माझे केस विंचरत बसत होते, अन् तुमाले वाटलं का…" तिनं वाक्य सोडून दिलं. "असू द्या. ऐकलं मी."

हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. केस विंचरल्याचं खरं होतं. पण त्या वेळी त्याला काय वाटलं होतं, ते त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. आणि शामकलेला आता माहीत होतं.

त्यानंतर तो कमी बोलू लागला, तरी तिला ऐकू येणं कमी झालं नाही. तो मिलमध्ये गेला की घरात काय चालतं, ही चिंता त्याला पोखरू लागली. परक्या पुरुषाचा संशय नव्हता तो. पाहुणा दिवसभर पुढच्या खोलीत मान खाली घालून लिहीत असे, तिच्याकडे डोळा वर करून बघत नसे. केवळरामला मत्सर वाटत होता तो स्वतःच्याच आवाजाचा.

आणि एका दुपारी, बॉयलरपाशी दाबाचा काटा बघत असताना, त्याच्या मनात सगळं ओळीनं उभं राहिलं. बिसरामचा बाप. शकुंतलाबाईची बहीण. शेठचा थोरला भाऊ. कलकत्त्याच्या फिटरच्या वडिलांचा तो शब्दसुद्धा. ज्याचा आवाज ऐकू येतो, तो माणूस गेलेला असतो.

शामकलेला आपला ऐकू येतो.

त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. नाडी लागत होती. ठीक लागत होती. तरी त्यानं हात लवकर सोडला नाही.

मग त्याला दुसरी गोष्ट सुचली. आपल्याला ऐकू येतो तो बारीक, मऊ आवाज कोणाचा? त्याची आई तो रांगायला लागायच्या आधीच वारली होती. आत्यानं त्याला वाढवलं. आईचा आवाज कसा होता हे सांगू शकेल असं आता कोणी उरलं नव्हतं.

त्यानं पाहुण्याच्या मागं लागून काम उरकून घेतलं. शेवटच्या पानावर शेवटचा दावा लिहून झाला, तशी पाहुण्यानं लेखणी पुसली आणि पिशवी भरली. शामकला दाराशी उभी होती. पाहुणा तिला काहीच बोलला नाही. नुसता हात जोडून निघाला. तीही शांत होती. केवळरामला याचंच नवल वाटलं. ती रडेल, अडवेल, अशी त्याची धास्ती होती.

स्टेशनवर ऊन होतं. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर लागली होती आणि फलाटावर नेहमीची गर्दी होती. आमगावकडून आलेल्या बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. हमाल होते, एक पोलीस होता, कुणाचं तरी वऱ्हाड होतं. पाहुणा थर्ड क्लासच्या खिडकीपाशी बसला. गाडी हलली तेव्हा केवळरामनं हात वर केला. तो जातोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला परत जायचं नव्हतं.

पाहुण्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि एकदाच, मोठ्यानं, हाक मारल्यासारखं काहीतरी म्हटलं.

सगळा फलाट वळला.

हमालानं डोक्यावरची पेटी खाली टाकली. पोलिसानं टोपी काढली. एक म्हातारी टोपली सोडून गाडीमागं धावत सुटली, "थांब रे, मी आली, मी आली" म्हणत. वऱ्हाडातला नवरदेव मुंडावळ्यांसकट उभा राहिला आणि लहान मुलासारखं ओठ काढून रडू लागला.

केवळरामला ऐकू आलं ते मराठी नव्हतं. ती दवनीवाड्याच्या घरातली पोवारी होती, आणि अंगणात खेळणाऱ्या पोराला म्हणतात तसं ते म्हटलेलं होतं. ऊन झालं, राजा. आता ये.

त्याचा पाय उचलला गेला. फलाटाची कड जवळ होती. त्यानं लोखंडी खांबाला मिठी मारली.

शेवटचा डबा गेला. म्हातारीला कोणीतरी धरून मागं आणलं. जो तो दुसऱ्याची नजर चुकवत आपापलं सामान उचलू लागला. काय झालं, असं कोणी कोणाला विचारलं नाही.

कागद प्रागला गेले. फाल्गुनात उत्तर आलं. एकही शंका न काढता नोंदणी मंजूर झाली होती. शेठनं मिलमध्ये पेढे वाटले. तो माणूस कुठं उतरला, कुठं गेला, कोणाला कळलं नाही. बिसरामला त्याचं नाव सांगता येईना, शकुंतलाबाईला येईना, शेठलाही येईना.

शामकला पुन्हा पहिल्यासारखी बहिरी होती. केवळरामनं तिच्यामागं उभं राहून थाळी आपटून पाहिली, हाक मारून पाहिली. काही नाही. पण ती सुकली नाही. उलट अंगानं भरली, केसात फूल माळू लागली. तिचा स्वर पुन्हा सपाट झाला नव्हता, आणि त्याबद्दल केवळराम देवाचे आभार मानायला लागला होता.

मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन दुपारीच घरी निघाला. अंगणात आला तर घराच्या मागच्या बाजूनं शामकलेचं बोलणं ऐकू आलं. ती कोणाशी तरी बोलत होती. मधे थांबत होती. हसत होती. पुन्हा बोलत होती.

तो आत गेला. चुलीपाशी ती एकटीच बसली होती. समोर एक पाट मांडला होता. पाट रिकामा होता.

त्यानं तिच्या खांद्याला हात लावला आणि खुणेनं विचारलं, कोणाशी बोलतेस?

"कोणाशी मंजे?" ती हसून म्हणाली. "तुमच्याशीच तं बोलून राहिली."

मी आत्ता येतोय, मी काहीच बोललो नाही, असं सांगायला केवळरामनं तोंड उघडलं. पहिला शब्द निघालाही.

शामकला उठली. तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि तो हलकेच, अगदी मायेनं, त्याच्या तोंडावर ठेवला.

"गप्प राहा जी जराशे," ती पाटाकडे कान देत म्हणाली. "तुम्ही काय मनून राहिले, ते ऐकू द्या मले."